तुम्ही विचारलंत म्हणून: मी माहितीसत्रांना का जात नाही

बॅचमधल्या मैत्रिणी विचारतात, "अगं, याही वर्षी नाही म्हणालीस?" अ‍ॅडमिशन ऑफिसची मेल दर मोसमात येते. लिंक्डइनवर अनोळखी अर्जदारही विचारतात, की पूर्वी तुमच्या एमबीए कॉलेजच्या, प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांसाठीच्या माहितीसत्रांत बोलायचात, आता का दिसत नाही? मी "वेळ जमत नाही" म्हणून सुटते. ते खरं नाही.

माझा कॉलेजवर राग नाही. एमबीए केल्याचा पश्चात्तापही नाही. हवी होती ती नोकरी शेवटी मिळाली, आणि आजही काही अडलं तर पहिला फोन बॅचमधल्याच कुणाला तरी जातो. मला कुणी खोटं बोलायलाही सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मी नाही म्हटलं की लोक लगेच संस्थेला झोडपायला लागतात.

ते माझं चौथं सत्र होतं. प्रेझेंटेशन संपलं आणि आम्हा तिघा माजी विद्यार्थ्यांभोवती घोळका जमला. एक मुलगा मागे उभा होता, गर्दी ओसरेपर्यंत थांबला. हातात प्लेसमेंट रिपोर्टची प्रिंट, आणि ‘पदवीनंतर ३ महिन्यांत’ या शब्दांखाली पेन्सिलची रेघ. म्हणाला, "मॅम, ही टक्केवारी नेमकी कितीजणांमधली आहे?"

इतका नेमका प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. ती टक्केवारी अख्ख्या वर्गाची नसते, नोकरी शोधणाऱ्यांची असते. कंपनीनेच शिकायला पाठवलेले, स्वतःचा व्यवसाय काढणारे, पुढे शिकणारे, नोकरीचा शोध लांबणीवर टाकणारे, हे सगळे त्या हिशेबाबाहेर. ज्यांनी काहीच कळवलं नाही ते आणखी वेगळे. पगाराचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, तोही पगार कळवणाऱ्यांपुरताच. यात लपवाछपवी नाही. एमबीए सीएसईए या, बिझनेस स्कूलांच्या करिअर ऑफिसांच्या आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची तशी मानकंच आहेत आणि रिपोर्टमध्ये बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही असतं. मी त्याच्या वहीत चौकोन काढून हे समजावलं. त्याला बरं वाटलं, मलाही.

मग त्याने विचारलं, "आणि तुम्हाला कधी मिळाली?"

मला सातव्या महिन्यात मिळाली होती. जिथे इंटर्नशिप केली त्यांनी ऑफर दिली नाही. कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होणार ते मी कॅलेंडरवर काट मारत मोजत होते, आणि बॅचच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज टाकत होते. अर्ध्या तासापूर्वी स्टेजवरून मी ते सात महिने एका वाक्यात ओलांडले होते: "दोन वर्षं संपली आणि मी कन्सल्टिंगमध्ये आले."

त्याला म्हणाले, "कॉलेज संपल्यावर."

त्याने ते लिहून घेतलं. मी बघत होते. दोन शब्द, पेन्सिलीने, खाली रेघ. त्याचं लिहून होईपर्यंत मला सहज दुरुस्ती करता आली असती. मी त्याला शुभेच्छा दिल्या.

तो त्याच कॉलेजात गेला. तीन वर्षांनंतर मेसेज आला: "मॅम, पदवी मिळून चार महिने झाले, अजून काही नाही. तुम्हाला लगेच मिळाली होती ना, मग तुम्ही वेगळं काय केलं होतंत?" ‘लगेच’ हा शब्द मी उच्चारला नव्हता. पण त्याच्या वहीत तो मीच घातला होता. त्या रात्री सगळं खरं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "तेव्हा कळलं असतं तरी मी आलोच असतो. पण इतके दिवस मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

तेव्हाची मी माझ्याशी अजून भांडते. अनोळखी माणसाला माझे वाईट दिवस सांगायला मी बांधील होते का? नव्हते. ऑफिस सुटल्यावर, स्वतःच्या वेळात येत होते. तेही खरं. पण कॉलेजची माहिती वेबसाइटवर होतीच. तो थांबला होता माझ्यासाठी.

मैत्रीण म्हणते, "मग जाऊन खरं सांग. तू गेली नाहीस तर ज्यांना कॉलेज संपायच्या आधीच ऑफर मिळाली, तेच तिथे उभे राहणार." याला माझ्याकडे उत्तर नाही. एकदा गेलेही होते. ‘सात महिने’ हे शब्द घरी मोठ्याने म्हणून बघितले. माइक हातात आला, समोरचे उत्सुक चेहरे दिसले, आणि तोंडातून तेच जुनं वाक्य निघालं. त्यानंतर मी गेले नाही.

फोनवर एकेकट्याशी मात्र बोलते. बरेचजण बिचकत विचारतात, आपण परीक्षकापुढे बसलोय अशा थाटात. इन्सियाड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेशाची मुलाखत माजी विद्यार्थीच घेतात, हे खरं. हार्वर्डमध्ये ती अर्ज वाचलेली प्रवेश मंडळातली व्यक्ती घेते. पण माहितीसत्रातला माजी विद्यार्थी तुमची मुलाखत घ्यायला आलेला नसतो. "अनुभव कसा होता?" विचारलंत तर माझ्यासारखी माणसं गुळगुळीत उत्तर देतात. ऑफर कितव्या महिन्यात आली ते विचारा. तुमच्याच क्षेत्रातून आलेलं, अजून नोकरी शोधणारं कुणी आहे का, त्यांच्याशी बोलता येईल का, हे विचारा.

त्या मुलाला पुढे नोकरी लागली. गेल्या महिन्यात अ‍ॅडमिशन ऑफिसने त्यालाही सत्रात बोलायला बोलावलं. जाऊ का, म्हणून त्याने मला विचारलं. मी पटकन ‘जा’ म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच ते पटेना.