"ही पावती आहे ओ, लायसन नाही": फोटोग्राफीच्या धंद्याचं चालू खातं, माझा अनुभव

सोलापुरात फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचा तर कॅमेरा हा सगळ्यात सोपा भाग. सेकंडहँड एपीएस-सी बॉडी, ५० एमएम एफ/१.८ लेन्स, ट्रायपॉड, एक फ्लॅश. जुनी बॉडी घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते बघायचं, एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग तपासायचे, झालं. माझे तेवीस दिवस खाल्ले ते बँकेतल्या एका टेबलानं.

चालू खातं लागतंच कशाला, तर लग्नावाल्यांचे पैसे यूपीआयनं येतात, तिथं कुणी काही विचारत नाही. पण कारखाना, शोरूम, शाळा चेक देतात, आणि तो बिलावर छापलेल्या नावानं. मला एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं कॅटलॉगचं काम मिळालं होतं. चेक फर्मच्या नावाचा, म्हणजे बचत खात्यात भरता येत नाही. त्यावरच्या तारखेपासून तीन महिने उलटले की तो नुसता कागद. मी बँकेत पोचलो तेव्हा त्यातला एक महिना गेला होता. आधी खातं, मग अशी ऑर्डर. मी उलटं केलं.

आधीचे दोन कागद घरबसल्या निघाले. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, व्यवसायाचा गट ७४२० म्हणजे छायाचित्रण. सर्च केल्यावर वरच ज्या पैसे मागणाऱ्या साइट दिसतात त्या खासगी एजंटांच्या. सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. दुसरा कागद शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकानांच्या कायद्याखालचा, ज्याला अजूनही सगळे गुमास्ताच म्हणतात. त्यासाठी आधी बोर्ड लावा, कारण बोर्डाचा फोटो अपलोड करावा लागतो. नाव मराठीत, देवनागरीत आणि इंग्रजीच्या आधी हवं. इंग्रजी अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. पोर्टलनं माझा स्वतःचा फोटो मागितला तो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ उंच आणि ५ ते २० केबीच्या आत. चोवीस मेगापिक्सेलवाल्याची तिथं चांगलीच जिरते. आधी पिक्सेल कमी करा, मग जेपेगची क्वालिटी ७०-८० ठेवा, दहा-बारा केबीत बसतं. मोठ्या फोटोचीच क्वालिटी पाडत बसलात तर चेहऱ्याचे चौकोन होतात.

आता बँक. काउंटरवरच्या मॅडमनी फाईल उघडली, शॉप ॲक्टचा कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाल्या, "ही पावती आहे ओ, लायसन नाही. लायसन घेऊन या."

गोची इथंच आहे, आणि महाराष्ट्रात प्रत्येक छोट्या धंदेवाल्याला ती भेटते. २०१७ च्या शॉप ॲक्टमध्ये तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी लागतच नव्हती (२०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर गेली). धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत फॉर्म एफमध्ये ऑनलाइन सूचना द्यायची, बदल्यात फॉर्म जी मिळतो, आणि तो म्हणजे सूचनेची पावतीच. नोंदणीचं प्रमाणपत्र तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच मिळायचं. स्टुडिओत मी एकटा, सीझनला अल्बमवाला पोरगा धरून दोघं. मॅडमना हवा तो कागद मिळवायला मला आणखी आठ-नऊ माणसं कामाला ठेवावी लागली असती. मी हे बोलून दाखवलं. ते बोलायला नको होतं, कारण पुढचे तीन दिवस "साहेब रजेवर आहेत".

तरी त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. एकट्या मालकाच्या फर्मचं खातं उघडताना रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत मालकाच्या स्वतःच्या ओळखीखेरीज धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागितलेत. त्या यादीत शॉप ॲक्टच्या ओळीवर 'प्रमाणपत्र किंवा परवाना' असं लिहिलंय, पावती नाही. पण त्याच यादीत उद्यमचं प्रमाणपत्र आहे, जीएसटीचं आहे, धंद्याचं उत्पन्न दाखवलेलं मालकाचं आयकर विवरणपत्र आहे, फर्मच्या नावाचं लाईट बिल आहे. आणि पुढं, जे टेबलावर कुणी आपणहून सांगत नाही: दोन पुरावे देणं शक्य नाही असं बँकेला पटलं, तर जागेवर येऊन पडताळणी करून एका पुराव्यावरही खातं उघडता येतं. माझं उद्यम होतंच. म्हणजे हवी होती फक्त एक भेट, जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी, जिथं पुढच्या खोलीत स्टुडिओ आहे.

मॅडमचा सल्ला होता, "त्यापेक्षा जीएसटी काढून टाका की, एका दिवसात काम होईल." नुसत्या खात्यासाठी हे मुळीच करू नका. सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी लागत नाही. एकदा नंबर घेतला की पहिल्या बिलापासून १८ टक्के लावायचे आणि काम असो-नसो रिटर्न भरत राहायचं. शून्याचं रिटर्न चुकलं तरी दिवसाला वीस रुपये लेट फी चढते. आषाढात लग्नं नसतात, रिटर्न असतंच.

अकराव्या दिवशी तोंडी बोलणं बंद केलं. शाखाधिकाऱ्यांच्या नावानं एक पान लिहिलं: कामगार दहापेक्षा कमी असल्यानं कायद्यानं मला फॉर्म जीच मिळतो, उद्यम सोबत जोडलं आहे, जागेची पडताळणी करून खातं उघडावं, नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं. दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेतली. जी बँक सरकारची पोच मानत नव्हती तिनं स्वतःची पोच दिली, आणि ती मात्र चालली! असं पत्र दिल्यावर तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आधी बँकेला लेखी दिलेलं नसेल तर तिथं तक्रार टिकत नाही, म्हणून ती पोच जपायची.

एकोणिसाव्या दिवशी एक अधिकारी आले. बोर्डाचा फोटो, आतल्या लाईट-स्टँडचा फोटो, शेजाऱ्यांना एक प्रश्न, दहा मिनिटं. लाईट बिल वडिलांच्या नावावर आहे, त्यासाठी त्यांचं साध्या कागदावरचं ना-हरकत पत्र आणि आधारची प्रत मागितली. ती पहिल्या दिवशीच फाईलला लावून ठेवा.

टॉवेलवरून आठवलं. पांढरा टॉवेल ऑटोवर काढला तर राखाडी येतो, कारण कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं काढतानाही हेच. लाईट समोरून मारला तर टॉवेलचे फासे, म्हणजे दोऱ्याचे बारीक वेढे, सपाट दिसतात. तो बाजूनं, कापडाला जवळजवळ घासून जाईल असा ठेवा आणि पलीकडून थर्माकोलची शीट. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८. चादरीच्या विणीवर स्क्रीनवर लाटा दिसल्या तर आधी १०० टक्के झूम करून बघा. फोटोतच असतील तर कॅमेरा थोडा पुढं-मागं किंवा तिरका करा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण जात नाहीत.

खात्याच्या फॉर्मला माझे दोन पासपोर्ट फोटो लागले, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, चार बाय सहा इंचाच्या कागदावर आठ बसतात. अख्ख्या फाईलमध्ये न अडलेली ती एकच वस्तू.

तेविसाव्या दिवशी खातं उघडलं आणि चेक भरला, मुदत संपायला पाच आठवडे होते. मधले दोन दिवस गेले ते एका शब्दापायी: उद्यमवर 'डिजिटल फोटो स्टुडिओ', बोर्डावर आणि फॉर्म जीवर नुसतं 'फोटो स्टुडिओ'. उद्यममधली दुरुस्ती ऑनलाइन आणि फुकट होते, पण नवा कागद छापून पुन्हा जोडावा लागला. रबरी शिक्काही तोवर 'डिजिटल'वालाच करून झाला होता, नव्या पेठेत तो परत करून घेतला. शिक्क्यावर नाव आणि खाली 'प्रोप्रायटर' एवढंच हवं, आणि तो सगळ्यात शेवटी करायचा.