आजारी गाईचं दूध, इंजेक्शन आणि बाटलीवरचे दिवस

विड्रॉल पिरियड म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही तो काळ, हे आता बऱ्याच गोठ्यांवर माहीत झालंय. पण तो आकडा काढतात कसा हे कोणी सांगत नाही. तो काढतात बहुतेक धडधाकट जनावरांवर, पोटभर खाणाऱ्या, पाणी पिणाऱ्या, ताप नसलेल्या. आणि आपण औषध कोणाला देतो? जिनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही तिला.

औषध शरीरातून बाहेर काढायचं काम मुख्यत्वे लिव्हर आणि किडनीचं. अंगात जोराची सूज नि ताप असला की लिव्हरमधली औषध मोडणारी एन्झाइम्स मंदावतात, आणि जनावर हगवणीनं किंवा पाणी न पिल्यानं सुकलं असेल तर किडनीकडे रक्तच कमी जातं, मग जे औषध लघवीवाटे जायचं ते आतच फिरत राहतं. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं तर विचारू नका, ते किडनीत चिकटून बसतं ते कित्येक महिने निघत नाही, अमेरिकेत गाईला दिलं तर मांसासाठी 18 महिने थांबा असा सल्ला आहे. आपल्याकडे ते सर्रास टोचलं जातं.

दगडीची (मस्टायटीसची) गोष्ट अजून वेगळी. कासेत सूज आली की रक्त आणि दूध यांच्यामधली भिंत सैल पडते आणि रक्तातल्या गोष्टी दुधात झिरपायला लागतात. फ्लुनिक्सिन हे तापाचं-सुजेचं औषध, रक्तातल्या प्रोटीनला घट्ट धरून राहणारं, आणि सुजलेल्या कासेत ते प्रोटीनच उतरतं. अमेरिकेत याला दुधासाठी 36 तास ठरवलेत, पण मस्टायटीसच्या गाईंच्या दुधात 36 तास उलटल्यावरही ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलंय. तेही शिरेतून दिलेलं. आपल्याकडे बऱ्याचदा तेच मानेत नाहीतर मांडीत टोचतात, तिथून ते अजून सावकाश उतरतं.

दुसरं म्हणजे दूधच आटतं. सडात ट्यूब सोडली की ते औषध धारेबरोबरच बाहेर यायचं, पंधरा लिटरची गाय चारवर आली तर निघणार कुठून? म्हणून ट्यूब सोडलेल्या गाईचे दिवस मोजताना दूध किती देतेय हेही बघायला पाहिजे, नुसतं कॅलेंडर नाही. आता प्रत्येक औषध आजारात रेंगाळतंच असंही नाही, काही लवकरही निघतात, पण कुठलं कसं वागेल ते गोठ्यात उभं राहून कळत नाही ना.

आपल्याकडे नियम आहे की औषधावर काळ लिहिलेला नसेल तर दूध-अंड्यांना किमान 7 दिवस, मांसाला 28 दिवस. किमान! तो शब्द सगळे गिळतात. आणि उकळलं की औषध जातं हा गैरसमज, बहुतेक अँटिबायोटिक उकळून पुरतं जात नाही. असं दूध विरजलं आणि दही लागलंच नाही तर घरची बाई विरजणाला दोष देते.

गिधाडांचं झालं तेही याच वाटेनं. डायक्लोफेनॅक जित्या गाईच्या अंगातून काही दिवसांत निघून जातं, पण मरायला टेकलेल्या जनावराला दुखणं कमी व्हावं म्हणून शेवटचं इंजेक्शन दिलं जायचं आणि ते मेलं की साफ करणारं लिव्हरच थांबलं, औषध मांसात तसंच. ते मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या. 2006 ला जनावरांसाठी ते बंद केलं तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

मी आता डॉक्टरांकडून औषधाचं नाव, किती एमएल आणि कुठे टोचलं एवढं लिहूनच घेतो, आणि गाय नीट रवंथ करायला लागेपर्यंत तिचं दूध कॅनमध्ये मिसळत नाही, दिवस भरले असले तरी. दुधात औषध उरलंय का ते दाखवणारी टेस्ट स्ट्रिप मिळाली तर त्या एकट्या गाईच्या दुधावर लावायची, सगळ्यांच्या मिसळल्यावर नाही. पण बाजारातल्या बऱ्याच स्ट्रिपा पेनिसिलिनच्या जातीच्याच अँटिबायोटिकला पकडतात, फ्लुनिक्सिन त्यात दिसत नाही, त्यामुळे तिथे थांबणं एवढंच हातात. आणि ते दूध वासराला पाजू नका राव, त्याच्या पोटातले जंतू मग त्याच औषधाला दाद देईनासे होतात.