कंजूष कोण?

"इलोकानो म्हणजे एक नंबरचे कंजूष!" जहाजाच्या मेसमध्ये एकाने आमच्या बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, डिवचलं. बोसन इलोकानो, म्हणजे उत्तर फिलिपिन्समधल्या इलोकोसचा. फिलिपिनो लोकांत हा विनोद जुनाच.

बोसन हसला. पिनाकबेत, म्हणजे वांगं-कारलं-भेंडीची खारवलेल्या मासळीतली भाजी, शेवटच्या शितापर्यंत पुसून खाल्ली.

मग सहज म्हणाला, "लहानपणी शाळेआधी तंबाखूची पानं काठीवर ओवायचो. चीक बोटांना काळा बसायचा. भात खाताना हातच कडू लागायचा."

आणि पैसा? माल गेल्यावर, वर्षातून एकदाच. त्यातून खताची उधारी आधी कापून. (निपाणीकडच्यांना वेगळं सांगायला नको.)

इलोकोस म्हणजे समुद्र आणि डोंगरामध्ये दबलेली चिंचोळी पट्टी. भावाभावांत वाटणी झाली की हातात येणार काय? १९०६ पासून तिथली माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेली, ती उगाच नाही. बोसन जहाजावर आला. त्याच्या पगारावर धाकटी बहीण नर्स झाली. स्वतःच्या फोनची काच अजून तडकलेलीच.

डिवचणारा मनिलात वाढलेला. घरात दर महिन्याला पगार येणारा. वर्षातून एकदाच येणाऱ्या पैशावर घर कसं चालतं, हे त्याला कुणी सांगायचं?