हेल्गोलांडचे तीन रंग, आणि पांढरा कसा हुकतो

मागच्या जूनमध्ये हेल्गोलांडला जाऊन आलो. उत्तर समुद्रातलं एवढंसं जर्मन बेट, एकच गाव, आणि गावाचं कोट ऑफ आर्म्स (ढालीवरचं अधिकृत चिन्ह) बघाल तर वाटेल ह्यांनी चित्र काढायचा कंटाळा केला की काय. ढालीवर सिंह नाही, गरुड नाही, नुसते आडवे तीन पट्टे, वर हिरवा, मधे लाल, खाली पांढरा. अर्थ तिथली म्हणच सांगते: हिरवी जमीन, लाल कडा, पांढरी वाळू.

बोट कुक्सहाफेनहून, दोन तासांच्या वर लागतात. वारा सुटला होता आणि मी उलटीची गोळी घेतली नव्हती, पुढचं सांगत नाही. तुम्ही चढायच्या आधीच घ्या.

वर पठारावर जायला लिफ्ट आहे, जिना पण आहे. कड्याच्या काठाने पायवाट, जूनमध्ये गॅनेट पक्षी अगदी शेजारी घरटी करून बसलेले, टोकाला ४७ मीटर उंच सुळका, लांगं आना. दगड लालभडक, मला आधी आपला जांभाच वाटला पण हा वालुकाश्म. हिरवळ मात्र नीट बघा, सगळी खड्ड्याखड्ड्यांची आहे, ते बॉम्बचे खड्डे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, १८ एप्रिल १९४७ ला त्यांनी इथे तब्बल ६,७०० टन स्फोटकं एकदम उडवली, दक्षिणेकडचा कडा ढासळला, आणि गावकऱ्यांना बेट परत मिळालं थेट १९५२ ला. चिन्हातले रंग तेच राहिले, त्यांच्या मागची जमीन तेवढी बदलली.

आता पांढरा. तो मुख्य बेटावर शोधत बसू नका. वाळूचा भाग म्हणजे ड्यूनं, शेजारचं छोटं बेट, १७२१ च्या वादळात मधली जमीन वाहून गेली आणि ते वेगळं झालं. तिकडे जायला वेगळी छोटी फेरीबोट. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना हातात जेमतेम तीन-चार तास, त्यातले निम्मे ड्यूटी फ्री परफ्यूम आणि दारूच्या दुकानात (आमचेही गेले), मग पांढरा राहूनच जातो. म्हणून एक रात्र राहाच. सकाळी ड्यूनंवर उभं राहून मागे बघितलं तर पायाखाली वाळू, समोर लाल कडा, वर हिरवी कड, अख्खी ढाल समोर.

सील वाळूत लोळत असतात, ३० मीटर लांब राहायचा नियम आहे, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. सायकल नेऊ नका, बेटावर बंदी आहे. आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.