राउटर आपोआप सेट होतो, पण आधी त्याला सर्व्हरचा पत्ता कळू द्या

ग्राहकाच्या घरी लॅपटॉप उघडून १९२.१६८.१.१ वर पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं युजरनेम टाकायचं, वायफायला नाव द्यायचं, हे शंभरेक कनेक्शनपर्यंत निभतं. पुढे कुणीतरी पिनने रिसेटचं बटण दाबतं आणि पुन्हा माणूस पाठवावा लागतो. २००४ साली आलेला टीआर-०६९ हा प्रोटोकॉल नेमका यासाठीच आहे. राउटर स्वतःहून सर्व्हरशी, म्हणजे एसीएसशी बोलतो आणि आपली सेटिंग घेऊन जातो. छोट्या इंटरनेट ऑपरेटरला जीनीएसीएस हे एसीएसचं फुकटातलं सॉफ्टवेअर पुरतं.

जीनीएसीएस आणि त्याला लागणारा मॉन्गोडीबी हा डेटाबेस बसवणं अर्ध्या दिवसाचं काम. घोडं अडतं ते पहिल्या भेटीत. नवाकोरा राउटर एसीएसचा पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या प्रोटोकॉलच्या, ऑप्शन ४३ मधून घेतो, आणि तिथे पत्ता नुसता लिहून चालत नाही. आधी ०१, मग पत्त्याची लांबी, मग पत्ता, असे बाइट लागतात. समजा सर्व्हर १०.२०.०.५ वर, पोर्ट ७५४७. एचटीटीपीची ४ अक्षरं, ://ची ३, आयपीची ९, कोलनसकट पोर्टची ५ आणि शेवटची तिरकी रेघ १, एकूण २२. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, २२ म्हणजे १६, म्हणून सुरुवात ०१ १६ अशी. घाईत ०१ २२ लिहिलं, तर राउटर ३४ अक्षरं शोधत बसतो आणि पत्ता टाकून देतो. लॉगमध्ये काहीच दिसत नाही, कारण तो सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो. डीएचसीपीचं पॅकेट टीसीपीडंप या पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्राममध्ये पकडून बाइट मोजा.

पत्ता एचटीटीपीएसचा असेल तर आणखी एक गोची. राउटरला बॅटरीवरचं घड्याळ सहसा नसतं. चालू झाल्यावर बरेच राउटर १९७० सालात असतात आणि सर्टिफिकेट त्यांना ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा रस्ता आधी मोकळा ठेवा.

टीआर-०६९ साठी वेगळी व्हीलॅन (एकाच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आणि वेगळा वॅन (राउटरची बाहेरची जोडणी) हवाच. यात काटकसर करू नका. इंटरनेटच्याच वॅनवरून एसीएस चालवला आणि स्क्रिप्टमध्ये व्हीलॅनचा एक आकडा चुकला, तर राउटर तो आकडा इमानदारीने लावतो आणि गायब होतो. मग दुरुस्तीला शिडी आणि गाडी.

स्क्रिप्ट मॉडेलनुसार लिहावी लागते. जुन्या राउटरचं सेटिंगचं झाड ‘इंटरनेटगेटवेडिव्हाइस’पासून सुरू होतं, नव्यांचं ‘डिव्हाइस’पासून. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय सहसा १ क्रमांकावर असतं, पण ५ गिगाहर्ट्झचं बऱ्याच ओएनटीत (फायबरच्या राउटरमध्ये) २ वर नसून ५ वर. वायफायच्या पासवर्डचं प्रकरण त्याहून चिवट. सुरक्षेसाठी राउटर वाचताना पासवर्ड रिकामा दाखवतो. स्क्रिप्ट दर वेळी तो ताजा वाचत असेल तर तिला वाटतं लावलाच नाही, म्हणून ती पुन्हा लावते. काही राउटर त्यासाठी रेडिओ बंद करून चालू करतात, आणि ‘दर तासाला वायफाय जातं’ अशी तक्रार येते. पासवर्ड फक्त ‘० बूटस्ट्रॅप’ इव्हेंटला लावा. कोऱ्या किंवा रिसेट झालेल्या राउटरकडून तो येतोच.

राउटरने एसीएसकडे किती वेळाने हजेरी लावायची, हा सोपा हिशेब आहे. २००० राउटर दर ३०० सेकंदांनी आले तर सेकंदाला साधारण ७ सेशन. ३६०० सेकंदांवर दोन सेकंदांत एक. तासाभराचं अंतर पुरे. गावची लाइट जाऊन आली की सगळे एकदम येतात, त्याला इलाज नाही. पण नाकारलेला राउटर आधी ५-१० सेकंदांनी, मग १०-२० सेकंदांनी, असा थांबत थांबत परत येतो, त्यामुळे गर्दी आपोआप ओसरते.

दारं मात्र बंद ठेवा. राउटरवरचं ७५४७ पोर्ट फक्त एसीएसच्या आयपीला उघडं असू द्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या राउटर-कॅमेऱ्यांत शिरणाऱ्या व्हायरसच्या एका अवताराने याच पोर्टवर मारा केला, आणि जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. जीनीएसीएसच्या ७५५७ पोर्टवर पासवर्डच नसतो, तो १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच सर्व्हरपुरता बांधा.

आधी एकाच मॉडेलचा एक राउटर टेबलावर घ्या, रिसेट करा आणि हात न लावता तो नेटवर येतो का पाहा. लागोपाठ पाच वेळा आला, की मगच ती स्क्रिप्ट ग्राहकांच्या राउटरवर सोडा.