ओट्यांपासून गारगोट्यांपर्यंत: आमची वाटचाल

बाबांचा गाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटला, आणि काम एकच, किचनचे ओटे. ग्रॅनाइट कापायचं, कडा गोल करायच्या, सिंकचं भोक पाडायचं आणि टेम्पोत टाकून घोडबंदरला पाठवायचं. मी गाळ्यावर बसायला लागलो तेव्हा तिकडे टॉवरवर टॉवर उभे राहत होते, कामाला तोटा नव्हता. मग बिल्डर लोक ओट्यासकटच फ्लॅट द्यायला लागले आणि आमचं काम बघता बघता अर्ध्यावर आलं.

गारगोट्या तशा योगायोगानेच आल्या. एका टेम्पोवाल्याने नाशिककडच्या दगडखाणीतून स्टिलबाइट नावाच्या स्फटिकाचा एक तुकडा आणून दिला, पीच रंगाचा, पंख्यासारख्या पाकळ्यांचा, आणि तो मी काउंटरवर ठेवला तर ओटा बघायला आलेली बाई ओटा सोडून तोच विकत मागायला लागली! सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून आलो तेव्हा कळलं की आपल्या पायाखाली काय आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यात स्फटिक वाढवले, आणि आपण तेच फोडून खडी करतो. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट नावाचा स्फटिक बघायला परदेशातून लोक येतात आणि मी ठाण्यात राहून तोवर नावही ऐकलं नव्हतं.

तर दोन शेल्फ लावले, प्रदर्शनात टेबल घेतलं. विक्री व्हायची पण कंटाळा यायचा, कारण दहातले आठ जण विचारायचे की हा कुठल्या राशीला चालतो, घरात कुठल्या दिशेला ठेवायचा. मला खोटं सांगता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जायचं.

२०१८ला ताईकडे शिकागोला गेलो. भाओजींना माझं वेड माहीत, ते म्हणाले चल तुला एक जागा दाखवतो, आणि पाच तास गाडी चालवून केओकक नावाच्या गावाजवळ घेऊन गेले, आयोवा, इलिनॉय आणि मिसुरी जिथे भेटतात तिथे. तिथे शेतमालकाला पैसे द्यायचे, बादली घ्यायची आणि ओढ्याकाठच्या चिकणमातीत उकरत बसायचं. सापडतात ते बटाट्यासारखे ओबडधोबड गोळे, त्यांना जिओड म्हणतात, बाहेरून कुणी लाथेनेही उडवणार नाही, आणि आत पोकळीत क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे स्फटिक, चमकत असतात. १९६७पासून जिओड हा आयोवाचा राज्य-दगड आहे. खडक तिकडचा चुनखडीचा आणि शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या मऊ दगडाचा, लाव्हाचा नाही, म्हणून गोळा मातीतून अख्खा सुटून येतो. जवळच्या नायोटा भागातल्या काही गोळ्यांतून तर डांबरासारखं तेल निघतं म्हणे, आम्हाला काही ते मिळालं नाही.

दुपारपर्यंत गुडघ्यापर्यंत चिखल, बादलीत अकरा गोळे. फोडायला तिथे साखळीचं कटर होतं, आपले प्लंबर बीडाचा पाईप तोडायला वापरतात तेच! साखळी गोळ्याभोवती आवळायची, दांडा दाबत जायचं, आणि कट्ट असा आवाज. अकरातले चार भरीव निघाले, तरी भाओजींसारखा शांत माणूस प्रत्येक वेळी ओरडत होता. तेव्हा डोक्यात पेटलं की लोक दगडाचे नाही, त्या कट्टचे पैसे देतात.

परत येऊन पहिला विचार, इथेही खाण उघडू. वेडेपणा होता. आपल्याकडे दगड म्हणजे गौण खनिज, परवाना, रॉयल्टी, वर सुरुंग, तिथे पब्लिक नेणार कशी? मग बाबांनीच सुचवलं, पब्लिक खाणीत नको, खाण गाळ्यात आण. पहिला माल झिओलाइटचा, म्हणजे स्टिलबाइट ज्यातला आहे त्या जातीचा, आणला आणि तोंडावर आपटलो, स्टिलबाइट इतका मऊ की फोडताना आतला भुगा झाला, सगळा खर्च पाण्यात. मग जालना-औरंगाबादकडून क्वार्ट्झचे बंद गोळे मागवायला लागलो, रॉयल्टीची पावती असलेलेच. साखळीचं कटर मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळालं, पण साखळी आमच्या गोळ्यांसाठी लांब होती, ती बाबांनी कमी करून दिली.

आता रविवारी सकाळी गाळ्यावर पोरं आईबापांना ओढत आणतात. गोळा तुम्ही निवडायचा, दोनशे ते आठशे रुपये, गॉगल आम्ही देतो. आकाराच्या मानाने हलका लागला तर आत पोकळी असायची शक्यता जास्त, एवढं आम्ही सांगतो, पुढचं नशीब तुमचं. भरीव निघाला तर पैसे परत नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय तरी दर रविवारी एक जण भांडतोच, आणि बाबा हळूच त्याच्या पोराला एक छोटा गोळा फुकट देतात, मग आम्हा दोघांचं भांडण.

ओटे अजून करतो, भाडं त्याच्यावर निघतं. पावसाळ्यात माल कमी येतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर आधी फोन करा.