रिकामी खुर्ची हलवू नये

गेल्या आठवड्यात भाची आणि तिच्या नवऱ्याबरोबर बाणेरला एका फर्निचरच्या दुकानात गेले होते, तिला सातवा लागलाय आणि बाळाच्या खोलीत डुलणारी खुर्ची हवीच असं तिनं मनात घेतलंय. भर दुपार, दुकानात आमच्याशिवाय एकच कुटुंब, त्यांचा चारेक वर्षांचा मुलगा मोकाट सुटलेला, आणि तो काय करत होता तर ओळीनं मांडलेल्या रॉकिंग चेअरना एकेक धक्का देत पळत होता. मी वळून बघते तर सगळ्या खुर्च्या, कुणीही बसलेलं नाही, आणि आपापल्या लयीत डुलतायत. मला बघवेना. पर्स भाचीच्या हातात दिली आणि एकेक खुर्ची हातानं धरून थांबवत गेले. सेल्समनला वाटलं काकू लाकूड तपासतायत, तो मागोमाग येऊन हे सागवान, हे शीसम, हे रबरवुड असं सांगत राहिला.

रिकामा पाळणा हलवू नये, याचं कारण मला कुणी नीट सांगितलेलं नाही. आधी पाठीत धपाटा मिळायचा आणि कारण विचारलं तर दुसरा. आजी म्हणायची बाळाचं पोट दुखतं, शेजारच्या काकूंच्या मते त्याहून वाईट काहीतरी होतं पण ते त्या तोंडानं बोलत नसत. मी बीएस्सी झालेली बाई, जन्मभर बँकेत नोकरी केली, राहूकाळ बघत नाही, मांजर आडवं गेलं तर मला मांजराची काळजी वाटते, पण हे एक काही सुटत नाही. बागेत गेले तरी पोरं झोक्यावरून उड्या मारून पळाली की मागे हलत राहिलेले झोके थांबवून येते. नवरा म्हणतो तुला महानगरपालिकेनं पगार द्यायला हवा. असो.

तर खुर्ची. २७ हजार. पाय ठेवायचं स्टूल वेगळं, त्याचे आणखी सात. दुकानात गेल्यावर कळलं की यात दोन जाती आहेत. एक आपली जुनी, खाली वाकवलेल्या दोन पट्ट्या असलेली, ती सुंदर दिसते पण तिला मागे बरीच जागा सोडावी लागते नाहीतर भिंतीचा रंग गेलाच, शिवाय गुळगुळीत टाइल्सवर ती डुलता डुलता हळूहळू पुढे सरकत जाते आणि घरात रांगतं मूल असेल तर त्याची बोटं नेमकी त्या पट्टीखालीच जाणार. दुसरी ग्लायडर. तिचा पाया जागेवर राहतो, बैठक तेवढी मागेपुढे सरकते, आवाज नाही, काही नाही. भाची तिच्यात बसली आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. आमच्या घराण्यात कुणाचेच टेकत नाहीत म्हणा. बैठक इतकी खोल की आत गेलेला माणूस वाटी-चमच्यानं बाहेर काढावा लागेल. मी सेल्समनला म्हटलं, टाके असताना, हातात बाळ घेऊन यातून उठायचं कसं ते जरा उठून दाखव. पोरगा बाविशीतला असेल, लाजला, म्हणाला मॅडम कुशन मेमरी फोमचं आहे.

आमचे जावई इंजिनीअर, त्यामुळे खोलीचं माप टेपनं घेऊन झालेलं होतंच, दहा बाय दहा, त्यात कपाट, पाळणा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. त्यांनी त्यावर वाचनही केलंय. जपानमधल्या रिकेन या संस्थेतल्या लोकांनी २०२२ साली असं दाखवलं म्हणे की रडणाऱ्या तान्ह्याला घेऊन पाच मिनिटं चालायचं, झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, आणखी पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसून राहायचं आणि मग ठेवायचं. नुसतं मांडीवर घेऊन बसल्यानं रडणं थांबत नाही, हालचाल लागते. म्हणजे मावशी, जावई म्हणाले, चालायला पॅसेज आहे आणि फुकट आहे, खुर्चीचा उपयोग शेवटच्या आठ मिनिटांपुरता, आणि त्या आठ मिनिटांत ती डुललीच पाहिजे असंही नाही. मग आठ मिनिटांना २७ हजार का? गडी हुशार आहे. पण त्यांनीच मग हेही सांगितलं की अमेरिकेत हर्मन मिलर नावाची फर्निचरची मोठी कंपनी आहे, तिच्या कर्मचाऱ्यांच्या घरी मूल व्हायचं असलं की कंपनी त्यांना एक डुलती खुर्ची भेट द्यायची. आमच्या बँकेत मूल झालं की उलट आपणच सगळ्या स्टाफला पेढे वाटायचे, आणि त्यावर मॅनेजर विचारणार, रजा किती उरलीये.

आता इथे मी म्हणायला हवं की आमच्या आजीला हे सगळं जपान्यांच्या आधीच ठाऊक होतं. नव्हतं. आजी बाळाला थोपटायला बसायची आणि बाळाच्या आधी स्वतः झोपायची, थोपटणारा हात तेवढा सवयीनं चालू. आता तर बाळांचे डॉक्टर बजावून सांगतात की तान्हं घेऊन सोफ्यावर किंवा अशा मऊ खुर्चीत मोठ्या माणसाचा डोळा लागणं धोक्याचं, बाळ फटीत सरकतं, नाक दाबलं जातं, तेव्हा झोप यायला लागली की आधी बाळ पाळण्यात ठेवा. हे एक मात्र मी भाचीला दोनदा सांगितलं, कारण खुर्चीच्या जाहिरातीत ती बाई डोळे मिटूनच बसलेली असते.

आजीकडे पाळणा होता तो माजघरात, तुळईला कड्या होत्या त्यांना टांगलेला. आजोळ वाईचं. धाकटी मामी माहेरून बाळ घेऊन आली तो मे महिना, आम्ही सगळी भावंडं सुट्टीला तिथेच, आणि पाळण्याची दोरी ओढायचं काम माझ्याकडे आलं कारण मी खेळात कुणालाच नको असायचे. दुपारभर भिंतीला टेकून दोरी ओढायची. गाणी म्हणायला मला लाज वाटायची म्हणून पाढे म्हणायचे, तेवढाच अभ्यास. सात चोक अठ्ठावीस, सात पाचा पस्तीस, आणि सात आठी छप्पन्नला थांबायचं नाही कारण तिथे अडखळलं की दोरी थांबायची आणि दोरी थांबली की ते कार्टं डोळे उघडायचं. आज तो सीए आहे. ते श्रेय मी घेते, तो देत नाही.

पण मला सांगायचं होतं ते मामीचं. माजघराच्या दाराशी, जिथे परसातला वारा यायचा तिथे, आजोबांची आरामखुर्ची असायची, सागवानी, जाड पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, लांबच लांब हात असलेली. घरात बायका किती तर आजी, दोन माम्या, माझी आई, अधूनमधून येणारी आत्तेआजी, आणि यातली एकही त्या खुर्चीत बसलेली मी पाहिलेली नाही. त्या पाटावर बसत, उंबऱ्यावर बसत, भिंतीशी बसत, तांदळाच्या पोत्याला टेकून बसत. कुणी मनाई केली होती असंही नाही हं, आजोबा अगदी गरीब स्वभावाचे, बस म्हणाले असते. पण विचारलं कोण? जेवणं झाली की आजोबा माडीवर झोपायला जायचे, मागची आवराआवर व्हायची, बायका जिथे जागा मिळेल तिथे लवंडायच्या, आणि मग धाकटी मामी हळूच येऊन आरामखुर्चीत बसायची. डोकं मागे टाकून. पदर वाऱ्यावर. खुर्ची डुलणारी नव्हती, पण मामी एक पाय असा काही हलवायची की वाटावं डुलतेय. मी समोर दोरी ओढतेय, ती माझ्याकडे बघतेय, दोघी गप्प. जिन्याची एक पायरी करकरायची, वरून माणूस उतरायला लागला की आधी ती वाजायची, आणि ती वाजली की मामी उठून उभी. नुसती उठायची नाही. कापडाला तिच्या वजनानं पडलेला खळगा असायचा तो खालून तळहातानं थोपटून सपाट करायची, आणि मग आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. मला आवळासुपारी मिळायची. कशाबद्दल ते आम्ही कधी बोललो नाही.

पाय हलवण्यावरून आठवलं. मला ही सवय लहानपणापासून, बसलं की गुडघा सुरू, आणि त्यावरून मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी मार्कांवरूनही नाहीत. पाय हलवू नये, लक्ष्मी जाते, कर्ज होतं, चांगल्या घरच्या मुली असं करत नाहीत. आणि हे सांगणारी आजी काय करत असायची, तर पाय लांब पसरून, त्यावर बाळ उताणं घेऊन, दोन्ही पावलं तासन् तास हलवत असायची! पायावर बाळ असलं की चालतं. झोपाळ्यावर कडेला पोर असलं की भर दुपारी बसलेलं चालतं, नाहीतर काय गं, काम संपलं वाटतं? निमित्त लागतं आपल्याकडे. बाई नुसती डुलतेय, मांडीवर कोणी नाही, हातात निवडायला मेथी नाही, हे दृश्य मी घरात कधी पाहिलं नाही, आणि लग्नानंतर माझ्या स्वतःच्या घरातही विशेष पाहिलं नाही.

पुरुषांना नाही लागत. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी, त्यांची पाठ दुखायची, त्यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी सांगितलं डुलत्या खुर्चीत बसा, तर ते व्हाइट हाउसमध्ये पाहुण्यांसमोर खुशाल डुलत बसायचे, खुर्ची विमानातूनही न्यायचे. त्यातली एक १९९६ साली लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेली. आपली २७ हजारांची दोन वर्षांनी विकायला काढली तर लोक चार हजार म्हणतील, वर जिन्यावरून उतरवून द्याल का विचारतील.

भाचीच्या सासूबाई अमरावतीच्या. त्यांचं म्हणणं एवढ्या पैशात हॉलमध्ये बंगई, म्हणजे आपला झोपाळा, बसते, अख्ख्या घराला पुरते, बाळ मोठं झाल्यावरही राहते. मुद्दा बरोबर आहे. पण नव्या फ्लॅटमध्ये टांगायचं कशाला? वाईला तुळई होती, इथे स्लॅब, त्याखाली पीओपीचं सीलिंग, हूक असतो तो पंख्याचा, त्याला मोठ्या माणसांची बंगई टांगून चालणार नाही. ड्रिल मारून भक्कम अँकर बसवावे लागतात, आणि वरच्या मजल्यावरचे काका शांतताप्रिय आहेत. म्हणून हल्ली झोळीसुद्धा स्टीलच्या स्टँडवर येते, स्प्रिंग लावलेली, काही तर विजेवर हलतात. ती रिकामी असताना बटण चालू राहिलं तर माझं काय होईल याचा मी विचार करत नाही.

शेवटी भाची वैतागली, म्हणाली मावशी, तू इतकं बोललीस, एक काय ते सांग, घेऊ का नको. म्हटलं घे. बाळाला तिची काही गरज नाही, बाळ पॅसेजमध्ये झोपेल, आजीच्या पायावर झोपेल, रिक्षात सगळ्यात छान झोपेल. तुझ्यासाठी घे. पाय टेकतील अशी बघ, हात ठेवायची जागा कोपराच्या उंचीला येईल अशी, फार खोल नको. आणि बाळ आत आजीकडे असतानाही बस. निर्धास्त की काय म्हणतात तशी बस. ती हसली पण मी गंमत करत नव्हते, माझा आवाज जरा चढलाच असावा कारण तो धक्के मारणारा मुलगासुद्धा थबकून बघायला लागला.

जावई एकदम खूश. म्हणाले, मावशी, तुमचं पटलं, तशीही मग हॉलमध्येच ठेवू, वर्क फ्रॉम होमला मलाही पाठीला बरी पडेल.

घरी येऊन भाचीला मेसेज केला की त्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का बघ. आणि क्रीम कलर घेऊ नकोस.